वाटेवरची पोढी

सुटीत कुठे जायचे, हा प्रश्न निघाला की मराठी कुटुंबाचे ताबडतोब तीन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचा पक्ष देवदर्शनाचा. गृहिणीला स्वयंपाकघरापासून सुटका आणि मोकळी हवा हवी असते. मुलांना चढण, पाणी, दगड आणि हल्ली छायाचित्रे हवी असतात. कर्त्या पुरुषाचा पक्ष बहुधा काटकसरीचा असतो, पण तो सणासुदीला उघडपणे बोलून दाखवीत नाही. मग सगळ्यांची समजूत पटावी म्हणून जी सहल ठरते, तिच्यात सकाळी गणपती, दुपारी धबधबा, तिसऱ्या प्रहरी किल्ला आणि सूर्यास्ताला एखादे धरण असा भरगच्च बेत असतो. रात्री अकराला सगळे घरी पोचतात. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी "काय काय पाहिलंत?" असे विचारले, तर त्यांना नावांची एक लांबलचक यादी ऐकायला मिळते. त्या यादीत आणि शाळेच्या वेळापत्रकात फारसा फरक नसतो. मुलांना विचारावे, तर त्यांना वाटेतला वडा आणि गाडीत कोणाचे डोके दुखले एवढेच आठवते.

माझे आपले मत असे की, सहलीसाठी ठिकाणे निवडण्यापेक्षा एखादी वाट निवडावी. माणसांनी आणि गुरांनी झिजवलेली जुनी वाट घ्यावी. ती कुठून आली, कुठे गेली, तिच्यावरून कोण काय घेऊन गेले, त्यांना तहान लागली तेव्हा पाणी कोणी दिले, हे विचारीत दोन दिवस तिच्यावर हिंडावे. देव, हवा आणि किल्ला हे तिन्ही मग आपोआप भेटतात. आणि अशी वाट पुण्या-मुंबईच्या माणसाला फार लांब शोधावी लागत नाही. ती जुन्नर तालुक्यात आहे.

कल्याण आणि सोपारा ही आपल्या किनाऱ्यावरची प्राचीन बंदरे. गोदावरीकाठचे पैठण ही सातवाहनांची राजधानी. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. त्या भिंतीला सातवाहनांच्या काळात जी मोठी वाट पाडली गेली, ती नाणेघाटाची. घाट चढून आले की पहिले मोठे गाव जुन्नर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात कल्याण, सोपारा आणि पैठण या तिन्ही नावांचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर आपण मुलांना घेऊन हिंडणार, त्याची कीर्ती दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या साम्राज्यापर्यंत पोचलेली होती.

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि आम्ही पाच जणांनी ही वाट धरली. पंचाहत्तरी गाठलेली माझी आई, सौ., नववीतली थोरली, पाचवीतला धाकटा आणि मी. पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. आईने निघताना दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घरच्याच असतील. दोन, पाणी बाटल्यांतून विकत घ्यायचे नाही. त्यासाठी तिने माळ्यावरचा फिरकीचा मोठा तांब्या आणि एक पितळी कळशी काढायला लावली. गाडीच्या मागच्या भागात कळशीला मधोमध बसवून तिच्या दोन्ही बाजूंना बोचकी लावली, तेव्हा धाकटा म्हणाला, "आजी, आपण पाच नाही, सहा जण चाललोय."

घाटमाथ्यावर

जुन्नरहून पश्चिमेला निघालेला रस्ता माणिकडोहाचा जलाशय दाखवीत, चावंड किल्ल्याजवळून घाटघरला जातो आणि तिथून नाणेघाटाच्या माथ्यावर पोचतो. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांचे. कार्तिकातले दिवस होते. खाचरांतली भाते कापून झाली होती, बांधावर सोनकीची शेवटची पिवळी फुले होती, आणि हवेला नुकताच गारवा आला होता. कुटुंबासह जायला हाच काळ उत्तम. भर पावसाळ्यात इथे वेगळीच मौज असते. अरबी समुद्रावरून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळून वर उसळतो आणि कड्यावरून पडू पाहणारे पाणी उलटे आकाशात फेकतो. हा उलटा धबधबा पाहायला हल्ली फार गर्दी लोटते. पण वारा, धुके आणि निसरडा कडा यांचा मिलाफ लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना सोसणारा नाही.

माथ्यावर पठार चालता चालता एकाएकी संपते. समोर काही नाही, खाली कोकण. डाव्या हाताला जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका, उजवीकडे अंगठ्यासारखा उभा राहिलेला कडा. त्याला 'नानाचा अंगठा' म्हणतात. सौ. पाच मिनिटे काही न बोलता उभी होती, आणि हे आमच्या घरात क्वचित घडते.

मुलांना इथे एक गोष्ट जरूर दाखवावी. आपण जिथे उभे असतो, ती पाण्याची वाटणी करणारी रेषा आहे. घाटघरच्या अंगाला पडलेला पाऊस कुकडीत जातो. कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच ढगातला एखादा थेंब चार पावले पश्चिमेला पडला, तर कोकणात उतरून थोड्याच अवधीत अरबी समुद्राला मिळतो. धाकट्याने लगेच तांब्यातले घोटभर पाणी पूर्वेला आणि घोटभर पश्चिमेला ओतले आणि "आता कोण आधी पोचतं ते बघू," असे म्हणून शर्यत लावली. भूगोलाच्या पुस्तकातला 'जलविभाजक' हा शब्द त्याला आता जन्मभर पाठ करावा लागणार नाही.

माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकीत, म्हणून हा 'नाणे'घाट, असे परंपरा सांगते. तिथून एका अरुंद खिंडीतून कोकणच्या बाजूला थोडे उतरले की कातळात कोरलेली पंचवीस-तीस फूट लांबरुंद अशी एक चौकोनी खोली लागते. आत कडेने दगडी ओटे. व्यापारी, हमाल आणि बैलवाले यांना टेकायला ही जागा, असे मनाशी धरून बसावे, म्हणजे तिचा थंडावा नीट कळतो. आई त्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "इथं नक्की कोणीतरी दुपारची झोप काढलेली आहे." पुराणवस्तुशास्त्रज्ञ यापेक्षा वेगळे सांगतील असे मला वाटत नाही.

राणीचा हिशेब

या खोलीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. तो पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी संबंधित असून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांतला मानला जातो. १८२८ मध्ये विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी त्याचा अभ्यास केला. लेखात यज्ञांची नावे आहेत आणि त्या त्या यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती, पुढे चांदीची १७ भांडी, आणखी पुढे ११,००० गाई आणि १,००० घोडे. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांचा मोठा संच या भिंतीवर आहे. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन. दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे. शून्य अद्याप आलेले नाही.

लेख झिजला आहे. तो वाचता येणार नाही, म्हणून बहुतेक मंडळी दारातूनच परत फिरतात. त्यावर माझा एक सोपा उपाय आहे. मुलांना चारच अक्षरे शिकवून न्यावे. ब्राह्मीतला 'क' म्हणजे अधिकाचे चिन्ह. 'ठ' म्हणजे पूर्ण वर्तुळ. 'ग' म्हणजे घराचे उतरते छप्पर. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली एक काठी. एवढी शिदोरी पुरते. थोरली शाळेत इंग्रजी माध्यमात शिकते आणि मराठी हा तिच्या दृष्टीने शुक्रवारच्या तिसऱ्या तासाचा विषय आहे. पण भिंतीवर पहिला 'क' सापडताच तिने मला बाजूला सारले आणि ती अधिकाची चिन्हे मोजू लागली. "बाबा, हा आपलाच क?" तिने विचारले. मी म्हटले, "आपलाच. त्याला पुढं पोट आलं, एवढंच." आपल्या आजच्या देवनागरीतले 'क' हे अक्षर याच ब्राह्मी 'क'पासून शतकाशतकांनी वळणे घेत आले आहे, आणि या भिंतीवरची प्राकृत ही मराठीच्या पूर्वजांच्या घरातली आहे, हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगतो. तिथे ते टिपणवहीत जाते. इथे ते तिच्या बोटाला समजले. अर्थात बोट भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचे, हा नियम आम्ही आधीच घालून घेतला होता.

याच खोलीत एके काळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सातवाहन घराण्याचा मूळ पुरुष सिमुक, राणी नायनिका आणि श्रीसातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी. मूर्ती नाहीशा झाल्या. कोणती मूर्ती कोणाची, हे सांगणारी कोरलेली नावे मात्र उरली.

पाऊस लई, पर पानी थांबत न्हाई

लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. राणीच्या हिशेबाइतकीच ती मला महत्त्वाची वाटतात. घाट चढून आलेला माणूस आणि त्याचा बैल यांना यज्ञापेक्षा पाण्याची गरज अधिक होती.

माथ्यावर एक मावशी लिंबू-सरबत आणि ताक विकीत बसल्या होत्या. घाटघरकडच्याच. आम्ही ताक घेतले. आईने बोलता बोलता विचारले, "इथं पाऊस पुष्कळ पडत असेल, नाही?"

"पाऊस लई, पर पानी थांबत न्हाई, आजी," मावशी म्हणाल्या. "उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावं लागतं आमाला."

एका वाक्यात त्यांनी सह्याद्रीचे सगळे दुखणे सांगितले. हा डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर बसून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला. काळा, घट्ट बेसॉल्ट. त्याच्यात पाणी फारसे मुरत नाही, आणि उतार इतका तीव्र की पडलेले पाणी धावत सुटते. आषाढ-श्रावणात जिथे छत्री टिकत नाही, तिथे वैशाखात घागर भरत नाही. म्हणूनच जुन्या लोकांनी त्याच घट्ट कातळाला पोट खोदले आणि पाण्याला बळेच थांबवून ठेवले. दगड पाणी शोषीत नाही, हा त्याचा दोष होता. टाकी खोदणाऱ्यांनी तोच त्याचा गुण करून घेतला.

निघताना मावशी सौ.ला म्हणाल्या, "रिकाम्या बाटल्या तेवढ्या संगं घेऊन जा, बाई. समदे दरीत टाकत्यात." आमच्याकडे बाटल्या नव्हत्या. आई काही बोलली नाही, पण कळशीकडे तिने ज्या नजरेने पाहिले, ती विजयी नजर आम्ही सर्वांनी ओळखली. दरीच्या कडेवर मात्र मावशींचे म्हणणे खरे करणारा ढीग दिसत होता. आणि वाटेवरच्या कातळावर कोणी कोणी पांढऱ्या तैलरंगाने आपली नावे, गावे आणि बदामाच्या आकृती काढून ठेवल्या होत्या.

बे एके बे

रात्री जुन्नरला मुक्काम केला आणि सकाळी शिवनेरी चढलो. गडावर जायला चांगला पायरीमार्ग आहे. एकामागून एक सात दरवाजे लागतात. आई शिवाईच्या देवळापर्यंत आली आणि तिथे टेकली. आम्ही वर गेलो. शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. तिथे उभे राहिल्यावर काय वाटते, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र मुलांना ठाऊक नव्हती. पुढे काही वर्षांतच गड मोगलांकडे गेला, आणि महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात येऊ शकला नाही. जन्मस्थान दिसत असावे आणि हाती नसावे, हा विचार थोरलीला फार लागला. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यात शिवनेरी आहे.

गडाचे बळ तटात असते, तसे पाण्यातही असते. १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता. शिवनेरीवर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री आहे, असे त्याने नमूद केले. पण धान्य कितीही असले तरी पाण्यावाचून ते शिजणार कसे? गडावर गंगा-जमुना ही कातळात खोदलेली टाकी आहेत, बदामी तलाव आहे, आणखीही लहानमोठी टाकी आहेत. त्यातली कित्येक किल्ला होण्याच्या आधीची, लेण्यांच्या काळातली असावीत. कारण शिवनेरी हा किल्ला होण्यापूर्वी बौद्ध भिक्षूंचा डोंगर होता. त्याच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून अशी दोनशेंच्या वर कोरीव कामे आहेत. एका गावाभोवती एवढी गर्दी भारतात दुसरीकडे आढळत नाही.

खाली उतरून शिवाईच्या देवळाशी आईजवळ बसलो आणि मी मुलांना शिवनेरीच्याच लेण्यांतल्या एका लेखाची गोष्ट सांगितली. इरिल नावाचा एक यवन होता. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परदेशीयांनाही तो शब्द लागला. व्यापाराच्या निमित्ताने या वाटेवर आलेल्या, किंवा इथेच स्थायिक झालेल्या लोकांपैकी हा इरिल असावा. त्याने इथे एक दान केले आणि दगडात एक ओळ कोरवून घेतली. दान कसले? 'बे पोढियो.' पोढी म्हणजे पाण्याचे टाके. बे पोढियो म्हणजे दोन टाकी.

"बे?" धाकटा ओरडला. "बे एके बे मधलं बे?"

"तेच."

त्याला पाढे आजीने शिकवले आहेत, तेही मराठीतून, शाळेच्या नाकावर टिच्चून. रोजच्या बोलण्यात आपण 'दोन' म्हणतो, पण पाढा म्हणताना 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणतो. हा 'बे' प्राकृतातला. गुजराती भाषेने तो रोजच्या वापरात ठेवला, आपण तो पाढ्यात जपून ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्या दानाचा आकडा ज्या शब्दात कोरवून घेतला, तोच शब्द पुण्यातल्या एका सदनिकेत रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर म्हटला जातो. हे कळल्यावर धाकट्याने तिथल्या तिथे बेचा पाढा खड्या आवाजात म्हणून दाखवला. देवळात आलेली दोन माणसे कौतुकाने थांबली.

आई मात्र दुसराच विचार करीत होती. "आमच्या गावी चैत्रापासून वाटेवर पाणपोई असायची," ती म्हणाली. "लिंबाच्या झाडाखाली रांजण पुरलेले. तुझे आजोबा रोज सकाळी स्वतः भरायचे. येणाऱ्याला जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही, असा त्यांचा नेम होता." मग थोडे थांबून ती म्हणाली, "ह्या इरिलानं आधी पाणी दिलं, मग नाव लिहिलं. काल ते पांढऱ्या रंगानं नावं लिहिणारे होते, त्यांनी काय दिलं?"

मी भाषेचा शिक्षक. 'पाणपोई'तली 'पोई' ही संस्कृत 'प्रपा'पासून आली, हे मी तिला सांगणार होतो. पण तिच्या प्रश्नापुढे ते फार किरकोळ वाटले.

गणपती आणि कल्याणचा माणूस

दुपारी लेण्याद्रीला गेलो. जुन्नरपासून ते पाच-सहा किलोमीटरांवर, कुकडीच्या पलीकडे आहे. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज इथे डोंगरात आहे. सुमारे तीनशे पायऱ्या. आईने त्या दर पंचवीस पायऱ्यांना विसावा घेत, कोणाचाही हात न धरता चढल्या. इथे सुमारे तीस लेणी आहेत. गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे, ते मुळात बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. एकही खांब नसलेला प्रचंड दालनासारखा मंडप आणि कडेने लहान लहान वीस खोल्या. ज्या खोल्यांत भिक्षू राहत, तिथे आज उदबत्तीचा वास दरवळतो. एका डोंगराने दोन धर्मांना आसरा दिला, आणि भाविकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. मुलांना सहिष्णुतेवर व्याख्यान देण्यापेक्षा या मंडपात दहा मिनिटे शांत बसवावे.

शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. त्यावरच्या लेखात दात्याचे नाव सुलसदत असे आहे. तो कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा. कल्याणचा! आदल्या दिवशी आम्ही ज्या घाटाच्या तोंडाशी उभे राहून खाली पाहिले, त्याच घाटाने तो किंवा त्याची माणसे वर आली असणार. वाट इथे पुरी जुळली. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे एक लेणे आणि एक पोढी दिल्याचे म्हटले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर मार्केट यार्डातल्या दुकानदारांनी वर्गणी काढून धर्मशाळा बांधली आणि तिला नळ बसवून दिला. सोनार, धान्याचे व्यापारी, परदेशी पाहुणे. या वाटेवर राजाराणीची नावे आहेत, तशी आपल्यासारख्या मध्यम स्थितीतल्या माणसांचीही आहेत. आणि त्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा कसले तरी दान लिहिलेले आहे.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

ज्यांना या सुटीत निघायचे असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. दोन दिवस आणि तीन ठिकाणे, याहून अधिक लोभ धरू नये. तिसरा दिवस हाताशी असेल, तर तुळजा लेणी पाहावीत. बारा खांबांवर घुमट तोलून धरणारे तिथले गोल चैत्यगृह फार देखणे आहे. कुकडीच्या उगमाशी पूर या गावी कुकडेश्वराचे जुने देऊळ आहे, तेही पाहावे. ज्यांचे पाय भक्कम आहेत, त्यांनी माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावाकडून जुन्या वाटेने घाट चढावा. अडीच-तीन तास लागतात, पण बैलांना काय वाटत असेल, ते कळते. गड आणि लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने रेंगाळू नये. घाटमाथ्यावर खाण्यापिण्याचे जे मिळेल, ते तिथल्याच माणसांकडून घ्यावे. चार रुपये त्यांच्या हाती पडले, तर आपल्या सहलीचे ओझे त्यांना थोडे हलके वाटेल.

आणि एक गोष्ट कायद्याची. संरक्षित स्मारकाला इजा करणे किंवा ते विद्रूप करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण जो मुलगा एकदा भिंतीवर आपला 'क' शोधून बसला आहे, त्याला हा कायदा सांगावा लागत नाही. आपल्या आजीच्या साडीवर कोणी शाईने नाव लिहीत नाही, तसे ते आहे.

सह्याद्रीतल्या अशा वाटांवर आता दर रविवारी शेकडो गाड्या येतात. त्या येऊ नयेत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मीही त्यांतलाच एक. वाटा चालण्यासाठीच असतात. ज्या वाटेवर कोणी जात नाही, ती गवतात बुडते. प्रश्न एवढाच की, आपण तिथे काय ठेवून येतो. या वाटेवरून पूर्वी गेलेल्या माणसांची श्रीमंती आपल्याहून कमी असेल, वाहने तर बैलांचीच होती. तरी आपल्यामागून कोणी तहानलेला येईल, तो कुठला, कोण, हे ठाऊक नसतानाही त्यांनी त्याच्यासाठी कातळ फोडून ठेवला. आपल्याला कातळ फोडायचा नाही. घरचे पाणी न्यावे, रिकामे भांडे परत आणावे, आणि दुसऱ्याने टाकलेल्या दोन बाटल्या जाता जाता उचलून आणाव्यात. इरिलाच्या दोन टाक्यांशी त्यांची बरोबरी होणार नाही हे खरे, पण मोजताना 'बे' म्हणायला हरकत नाही.